दोन सरकारं आणि आमचा बांध

धरमतर, ता. पेण
आश्विन शुद्ध एकादशी

तीर्थस्वरूप दिनानाथगुरुजी यांस धाकट्या दत्तात्रेयाचा शिरसाष्टांग नमस्कार. रोह्यास आपली व वहिनींची प्रकृती बरी असेल. आपली बहीण सगुणा इथे खुशाल आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही. त्याचं कारण आपण आहात, म्हणून हे पत्र.

गणपतीत आपण आमच्याकडे आला होता (मूर्ती हमरापूरची, उंदराचा कान आपल्या हातून मोडला, पण ते असो), तेव्हा ओटीवर बसून आपण सांगितलंत की सगळी सत्ता एका हाती गेली की माणसाचं स्वातंत्र्य गेलंच समजा, म्हणून घटनेने ती थोडी दिल्लीला आणि थोडी मुंबईला वाटून दिली. माझ्या तोंडात मोदक होता, म्हणून मी नुसती मान हलवली. तीच मान गेले दहा दिवस खाली आहे.

सर्वपित्रीच्या उधाणात बांध फुटला. बांधाच्या आत माझं चार एकर निसवलेलं भात, बाहेर मिठागर आणि खाडी. आजवरची रीत अशी, की बांध फुटला की गावकीचा जनू हाळी द्यायचा, घरटी एक माणूस यायचा आणि एका ओहोटीत मेढी, पेंढा, चिखल घालून भगदाड बुजायचं. जनू आलाही होता. पण मी ओटीवर नागरिकशास्त्र ऐकलेला शहाणा. म्हटलं, थांबा, आपल्याला एक सोडून दोन सरकारं आहेत. मग पेणेहून मुंबई सरकारचे बांधाचे साहेब आणले. त्यांनी शेतातल्या पाण्यात बोट बुडवून चाखलं आणि म्हणाले, खारट आहे, मीठ हा दिल्लीचा विषय. दिल्लीकडचे मिठाचे साहेब आणले (वडखळच्या नाक्यावर त्यांची जीप बंद पडली, ढकलायला मीच). ते म्हणाले, हे तर अजून पाणी आहे, आटून मीठ झालं की आमच्याकडे या. शेवटी दोघांची एकत्र पाहणी ठरली, तीही नेमकी भरतीला. एक साहेब भगदाडाच्या अलीकडे, दुसरे पलीकडे, मधून खाडी माझ्या शेतात शिरते आहे आणि दोघे एकमेकांना नमस्कार करताहेत. सगुणा चहा घेऊन उभी होती. ती तेवढंच बोलली, "दादाला लिवा, दोघांच्या वाटनीत आपल्याला खारा पानी आयलाय."

मला ते फार लागलं, कारण जनूला थांबवणारा मीच. खालचं दोन एकर भात करपलं. उंचवट्यावरचं दोन एकर कोजागिरीच्या उधाणात जाईल. तेव्हा गुरुजी, असलं स्वातंत्र्य मला नको. सोबत अर्ज जोडला आहे: सगळी सत्ता एकाच सरकारला द्यावी, कोणतंही चालेल. आपल्या सुवाच्य अक्षरात उतरवून पुढे धाडावा.

आपला आज्ञाधारक (हीच चूक झाली),
दत्तात्रेय

ता. क. पत्राला तिकीट आणायचं राहिलं, तेवढ्यात सगुणा मला न विचारता जनूकडे गेली. सत्तावीस माणसं आली आणि एका ओहोटीत बांध उभा राहिला. कोजागिरीचं उधाण आलं आणि बाहेरच्या बाहेर गेलं. सगुणा आता बोलते. त्यात माझं कौतुक नसतं.

ता. क. दुसरा. तिकीट अजून आणलेलं नाही, हे बरंच झालं. आज दोन नोटिसा आल्या. मुंबईचे साहेब विचारतात, आमच्या बांधाला हात लावलाच कसा. दिल्लीचे साहेब विचारतात, आमच्या बांधाला हात लावलाच कसा. बांध आठ दिवसांत होता तसा करून ठेवावा, म्हणजे पुन्हा फोडावा, यावर मात्र दोघांचं एकमत आहे. तेव्हा सोबत जोडलेला अर्ज मीच चुलीत घातला आहे. त्याऐवजी दोन पत्रं लिहून द्या: मुंबईला, की बांध दिल्लीचा आहे, आणि दिल्लीला, की तो मुंबईचा आहे. त्यांचा निकाल लागेपर्यंत माझं भात कापून, झोडून घरात येईल. आपलं म्हणणं खरं होतं, सत्ता वाटलेलीच बरी. फक्त त्या दोघांनी एकमेकांना विचारून पाहावं अशी काही सोय घटनेत नाही ना, तेवढं पुस्तकात बघून कळवा.