शुद्ध बोलणारे भूत

प्रिय गोकुळ,

प्रथम वस्तुस्थिती, घडली त्या क्रमाने. तुझी ‘खाऱ्या पाण्याची हाक’ ही भयकादंबरी मला आठ तारखेला टपालाने मिळाली. दहा तारखेला ती वाचून संपवली. तेरा तारखेला मोताळ्याहून छकुलीचा, म्हणजे आपल्या कोकिळाच्या भाचीचा, फोन आला की आजीने बोलावले आहे आणि येताना पुस्तक आणायचे आहे. काल, सोळा तारखेला, मी जाऊन आले.

आधी कादंबरीविषयी. ती फसली आहे. चार मित्र चाळीस वर्षांनी लोणारला परततात आणि एसटीतून उतरल्यावर त्यांना ‘कधी आला बे?’ म्हणून कुणी विचारत नाही. असे गाव मी पाहिलेले नाही. चौतिसाव्या पानावर अमावास्या आहे, पस्तिसाव्यावर तळ्यात चंद्र पडला आहे. भूत प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी नेमाने येते, त्यामुळे वाचक घाबरायचे सोडून त्याची वाट पाहत बसतो. पूर्वी यावर मी तुला चार पाने लिहिली असती. आता शीण येतो.

भूत म्हणजे आपली कोकिळा, हे लपवायचा तू प्रयत्नही केलेला नाहीस. ती तुझ्या पुस्तकातल्यासारखी तळ्यात बुडाली नव्हती. विसाव्या वर्षी मोताळ्यातच काविळीने गेली, आणि आपण दोघे परीक्षेचे कारण सांगून तिला भेटायला गेलो नाही. तू तिला तळ्यात का घातलेस ते मी समजू शकते. तिच्या आईला त्याचेही काही वाटले नाही. मनकर्णामावशी आता शहाऐंशीच्या आहेत. डोळे गेले आहेत. लेकीचा एकच फोटो, तोही दिसत नाही. गोकुळने कोकिळाचे बोलणे पुस्तकात लिहिले आहे, एवढे त्यांच्या कानावर आले होते. ते त्यांना ऐकायचे होते.

त्यांनी पंखा बंद करायला लावला. “त्याच्या घरघरीत तिचा आवाज जाईन,” म्हणाल्या. मी वाचू लागले: ‘तुम्ही मला एकटीला सोडून का गेलात? मी तुमची प्रतीक्षा करीत आहे.’ दोन प्रकरणे मावशींनी ऐकून घेतली. तिसऱ्या प्रकरणात मात्र त्यांनी माझा हात चाचपला आणि पुस्तकावर दाबून धरला. “मंजे, हे माही पोरगी नोहे वं. हे तं मास्तरीन बोलून राह्यली. मेल्यावर का मानूस आपली बोली इसरते?” छकुली हसली. मावशी हसल्या नाहीत. “जाऊ दे,” म्हणाल्या, “लाव पंखा.”

क्रम सांगताना मी पहिली पायरी गाळली, आणि अडतीस वर्षे मराठी शिकवलेल्या बाईने ती गाळायला नको होती. मागच्या श्रावणात तू भुताच्या तोंडचे तेवढे संवाद हाताने लिहून माझ्याकडे तपासायला पाठवले होतेस. ते कोकिळाच्याच बोलीत होते. मी लाल शाईने एकेक वाक्य सरळ केले आणि समासात शेरा मारला, ‘ही बोली भुताच्या तोंडी हास्यास्पद वाटते.’ तू नेहमीप्रमाणे हूं की चूं न करता मानलेस. काल मावशींसमोर मी ती वाक्ये पुन्हा कोकिळासारखी म्हणून पाहिली. ‘काऊन वं’च्या पुढे मला काही आठवेना. तिला मी कुठे कुठे अडवून दुरुस्त केले, तेवढे सगळे आठवते. तो कागद तुझ्याकडे असेल. नसला तर कोकिळा तुझ्या कानात असेल. ती वाक्ये, ती बोलायची तशी, माझ्या एकाही खुणेशिवाय, मला लिहून पाठव. फोन करू नकोस. मला ती मावशींना वाचून दाखवायची आहेत आणि मावशींकडे फार दिवस नाहीत. उत्तर लेखीच हवे, आणि याच आठवड्यात.

तुझीच,
मंजुश्री