साडेचारशे वॅट पुरे

४ मार्च, सोमवार
मुलीच्या नव्या कॉम्प्युटरला म्हणे हजार वॅट! सांगताना त्या कॉम्प्युटरवाल्याची जीभ कशी अडखळली नाही? माझी इस्त्री साडेसातशेची. तिच्यावर अख्ख्या गल्लीचे शर्ट सरळ करते मी. आणि ज्या डब्याने साध्या रुमालाची सुरकुती जायची नाही, त्याला हजार? मुलगी म्हणते, आई, आतलं ग्राफिक्स कार्डच केवढं खातं, निदान साडेआठशेचा पॉवर सप्लाय, म्हणजे आत वीज पुरवणारा भाग, तरी लागेल. म्हटलं, खादाड कार्डाला आधी वळण लाव.
ठरलं. साडेचारशे. वॅटमधलं मला कोणी शिकवू नये.

५ मार्च
दुकानात गेलो. तोच कॉम्प्युटरवाला, जाड चष्मेवाला, म्हणाला, ताई, एवढ्यावर जोराचं काम आलं की मशीन बसेल. म्हटलं, बसलं तर उठवू. मुलगी बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिली. साडेचारशेचाच घेतला. जिंकले.
मुलीला जाहिरातीची कार्टून फिल्म करायला मिळालीय. येत्या सोमवारी द्यायची. आवडली तर कायमची नोकरी, तीही घरी बसून. म्हणजे पोरगी घरातच. म्हणून तर मशीनचा घाट घातला.

७ मार्च, संध्याकाळ
सुरू झालं! रंगीत दिवे, गार वारा, सगळं. चष्मेवाल्याच्या दुकानासमोरून मुद्दाम दोनदा गेले. मेल्याने मान वर केली नाही.

८ मार्च
फिल्म तयार व्हायला लावली आणि फट्. काळोख. म्हटलं, वीज गेली. मुलगी म्हणाली, तुझी इस्त्री चालू आहे. म्हटलं, तुझ्या खोलीतली गेली असेल.

९ मार्च
परत बंद. परत बंद. धुळीने होतंय. सगळं पुसून काढलं. तरी बंद. मग ती सारखा माउस हलवते म्हणून. मुलगी म्हणाली, आई, तो आकडा किती खातो त्याचा नाही गं, किती देऊ शकतो त्याचा आहे. लागेल तेवढंच घेतो. म्हटलं, लागेल तेवढंच घेतो ना, मग मोठा कशाला?
हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, लोकरीच्या जाड कोटाला तू प्रवासातली छोटी इस्त्री घेतेस का? कोटाचा इथे काय संबंध! या माणसाला कधी काय सुचेल.

१० मार्च, रविवार
मुलगी काम घेऊन मैत्रिणीकडे गेली. तिच्याकडे मोठं मशीन आहे म्हणे. जाताना मला काही बोलली नाही. बोलली असती तर निदान भांडता आलं असतं.

१२ मार्च
फिल्म आवडली. नोकरी लागली! बघा, मी म्हणत होते सगळं नीट होईल. फोन मात्र तिने यांना केला. काम तिकडेच चालतं, म्हणून आता तिकडेच राहणार. दुपारी गिऱ्हाइकाच्या शर्टाची कॉलर करपली. कापडच हलकं होतं.

१४ मार्च
साडेआठशेचा आणून बसवला. पटलं म्हणून नाही. साडेचारशेचे संपले असणार. विचारलं नाही, पण संपलेच असणार. चष्मेवाल्याला मात्र झापलं. म्हटलं, मी हट्ट धरला तर तुम्ही ऐकलंत कसं? दुकानदाराने ठाम राहायला नको? तो म्हणाला, ताई, तुमच्या हातात इस्त्री नव्हती, पण चटका बसत होता.
यांनी मुलीची फिल्म पुन्हा तयार व्हायला लावून बघितली. जेवण झालं, भांडी झाली, डबा बंद पडायचं नाव घेईना. रिकाम्या खुर्चीसमोर बसून एकटाच कार्टून करतोय.
शेवटी मुलीला मीच फोन केला. म्हटलं, मशीन ठणठणीत आहे. तुझ्या चादरीला इस्त्री केलीय, कोपरेसुद्धा. माझं चुकलं वगैरे काही म्हणणार नाही, ते डोक्यातून काढून टाक. ती हसली की काय कोण जाणे. म्हणाली, बघते.
बघते म्हणजे काय? सरळ सांगितलं, घरी येतेस, हो की नाही, एका शब्दात, रविवारपर्यंत उत्तर पाहिजे.