उन्हाळ्यातली मोजणी

प्रिय छोट्या,

बाबा गेल्यापासून तुला एक ओळ लिहिली नव्हती. आज मात्र हात थांबत नाही. इथे थंडी चांगली पडलीय. सकाळी बांधावर गेले होते. भरतीचं पाणी चढू लागलं तसे लांबवर चिखलात चरणारे तुतवार आणि चिखले पक्षी मागे सरकत सरकत माझ्यापासून चाळीस पावलांवर येऊन दाटले. खाडीच्या तोंडाशी थापट्या बदकं होती. सगळी मिळून अकरा हजार भरली. बाबांनी शिकवलं तशीच मोजली. आधी शंभरांचा पुंजका डोळ्यांत बसवायचा, मग तो थव्यावर ठेवत जायचं. तुला घाई असायची. बाबा म्हणायचे, "डोळे याचेच तेज आहेत, फक्त बूड स्थिर नाही."

ते डोळे बंदर बांधणाऱ्यांच्या कामी आले. पाखरं उत्तरेला निघून गेल्यावर, ऐन उन्हाळ्यात तू आलास, घरी न येता कंपनीच्या विश्रामगृहात उतरलास आणि तीन दिवसांत लिहून मोकळा झालास, 'किनाऱ्यावर पाणपक्ष्यांचा वावर नगण्य.' एवढ्यावर मी गप्प बसलेही असते. पण तुझ्या सहीशेजारी बाबांची सही होती. चाळीस हिवाळे मोजणाऱ्या माणसाची सही पाहून पुढे कुणी काही तपासलंच नाही.

मासेमारांचा म्होरक्या तो अहवाल घेऊन दारात उभा राहिला. "मास्तर, तुम्हीसुद्धा?" एवढंच म्हणाला. बाबांनी सही बराच वेळ पाहिली. मला वाटलं, आता म्हणतील, ही माझी नाही. ते म्हणाले, "हो, मीच केली." त्यानंतर ते बांधावर गेले नाहीत. ओळखीचं कुणी दिसलं की रस्ता बदलायचे. दीड महिन्यात संपले. तू आलास, हुंदके देऊन रडलास, आणि मी तुला पाणी आणून दिलं. ते देतानाच माझं ठरलं होतं.

गेल्या हिवाळ्यापासून बाबांचा उजवा हात उचलत नव्हता. सही ते डाव्या हाताने करायचे, पहिलीतल्या पोरासारखी वाकडीतिकडी. तू मात्र त्यांची जुनी, झोकदार सही गिरवलीस. घरी येत असतास तर तुला ठाऊक असतं.

आज बांधावर माझ्याबरोबर त्या अहवालाची चौकशी करणाऱ्या अधिकारी बाई होत्या. त्यांनी पाखरं पाहिली. डॉक्टरांचे कागद आणि डाव्या हाताच्या सह्या मी त्यांच्या हातात दिल्या. सोमवारी तुला बोलावणं येईल. शेवटच्या दिवशी बाबांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं, छोट्याला सांभाळ. मी हो म्हटलं होतं. ते वचन आज मोडलं आणि मला जराही वाईट वाटत नाही. हे पत्र तुला सावध करायला नाही, कागद आधीच पुढे गेलेत. तू उगाच कचेरीतल्या कुणावर संशय घेत बसशील. तसं नको. हे मी केलं, आणि ते तुला माझ्याच अक्षरात कळावं, एवढ्यासाठी लिहिलं.

तुझीच,
ताई