चौकटीतला पिनकोड

कौलो, लिफुका बेट, टोंगा
२० फेब्रुवारी

चि. सितिवेनीस,
मोठ्या बहिणीचे अ. आ. रीत आहे म्हणून देते आहे. मनात राग आहे.

फोनवर तू बघतो बघतो म्हणून वेळ मारून नेतोस, म्हणून हे पत्र. पास्टरबाई मुलीकडे ब्रिस्बेनला येताहेत, त्यांच्या पिशवीतून पाठवते. आईचा पाय कुठे आहे? साखरेपायी डॉक्टरांनी तो गुडघ्याखाली कापला, त्याला दीड वर्ष झालं. इथून नेलेल्या साच्यावर नवा पाय तयार झाला आणि नाताळाआधी कुरिअरने पाठवला, हे तुझेच शब्द. तेव्हापासून बोट आली की मी पांगाईला पोस्टात जाते. तिथली लोसाना हल्ली मला दुरूनच बघून नाही म्हणते.

आईने गावभर सांगून ठेवलंय की मेच्या पहिल्या रविवारी, मुलांच्या सणाला, ती चर्चमध्ये चालत जाणार. मागच्या वर्षी तिला हातगाडीवरून नेलं, डुकरांचं खाणं नेतो त्याच गाडीवरून. मी ती घासूनपुसून वर चटई घातली होती, तरी आईने वाटेत एकदाही मान वर केली नाही. आता म्हणते, पाय आला नाही तर घरीच बसेन, त्या गाडीत पुन्हा बसणार नाही. सणाला ती घरी राहिल्याचं मला तरी आठवत नाही.

बाकी सगळं ठीक. उमूच्या खड्ड्यात पानांत गुंडाळलेला लू शिजला की तुझं नाव निघतं. लोभ असू दे, त्याआधी उत्तर असू दे.

कालोलाइने


लोगन, ब्रिस्बेन
९ मार्च

ती. ताईस,
सितिवेनीचा सा. न. वि. वि.

रागावण्याआधी ऐकून घे. कुरिअरच्या कॉम्प्युटरवर पिनकोडची एक चौकट असते. ती रिकामी ठेवली की तो पुढे जाऊच देत नाही. आपल्याकडे पिनकोड नाही, हे त्याला कोण सांगणार? न्यूझीलंडला चार आकडे, अमेरिकेला पाच, इंग्लंडला आकडे आणि अक्षरांची मिसळ, आयर्लंडात तर म्हणे घराघराला वेगळा. ज्या देशाला काहीच नाही, तो त्याला पटत नाही. शेवटी वैतागून मी माझाच टाकला, ४११४. म्हटलं, खाली टोंगा लिहिलंय, वाचतील.

कुणी वाचत नाही, ताई. इथे पहिला आकडा चार म्हणजे क्वीन्सलँड, पुढच्या आकड्यांवरून वस्ती. त्यांचं यंत्र तेवढंच बघतं. पाय ब्रिस्बेनबाहेर पडलाच नाही. इथल्याच गोदामात पडून होता आणि परवा माझ्याच दारात आला. पुढच्या महिन्यात पुन्हा पाठवतो, चार शून्यं टाकून. आपले इथले लोक तसंच करतात म्हणे, मला आधी कुणी बोललं नाही.

कारखान्यात रजा मिळत नाही, नाहीतर मीच आलो असतो. आईला यातलं काही सांगू नकोस. लोभ आहे तो कमी होऊ देऊ नये.

तुझा,
सितिवेनी


कौलो
२१ मार्च

चि. सितिवेनीस,
आशीर्वाद मागच्या पत्रात दिलेत, तेच पुरव.

आईला सगळं सांगितलं. ती ऐकून भिंतीकडे तोंड करून झोपली.

तुझं पत्र पास्टरबाईंबरोबर आलं. लिफाफ्यावर नुसतं कालोलाइने, कौलो. त्या वाटेत एका मयताला थांबल्या, तर पत्र तीन बायकांच्या हातांतून फिरत माझ्या ओट्यावर पोचलं. महत्त्वाची वस्तू माणसाबरोबर पाठवायची, हे तुला मी शिकवायचं? बाबांना पुरताना घातलेला कोट ऑकलंडच्या मावशीने मांडीवर घेऊन आणला होता, तू स्वतः बघितलंस. आणि आईचा पाय तू यंत्राच्या तोंडात दिलास. वर तिच्या नावाखाली तुझ्या घराचा नंबर! इतका कसा रे तू तिकडचा झालास? रग्बीचा सामना बघायला ऑकलंडला जायचं असलं की रजा मिळते, ते फोटो पाहिलेत आम्ही.

तुझी शून्यं तुझ्याजवळ ठेव. मी तुझ्या पोरांची आत्या आहे. त्यांच्याबाबतीत आत्याचा शब्द बापाच्या वर, हे समुद्र ओलांडला म्हणून बदलत नाही. तुझ्या लेकीला, आकानेसीला, पाय घेऊन पाठव. मी विचारत नाही, सांगते आहे.

लोभाचं नंतर बघू.

कालोलाइने


लोगन
८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आकानेसीचं कॉलेज सुरू आहे, तिची आईही कुरकुरते आहे. पण तुझ्या शब्दापुढे आमचं काय चालणार? तिकीट काढलंय, सणाच्या आदल्या आठवड्यात पोचेल. हे पत्र तिच्याआधी पोचावं म्हणून शेजारच्यांबरोबर पाठवतोय.

एकच मागणं. जादा पाळ्या करून तो पाय घेतलाय, ताई. आई चालत चर्चमध्ये येईल तेव्हा लोक विचारतीलच. तो मुलाने दिला, एवढं लोकांना कळू दे. वर्षानुवर्षं मी तिथे नाही, निदान नाव तरी निघू दे.

लोभ मागायची हिंमत नाही, तरी मागतो.

सितिवेनी


कौलो
६ मे

चि. सितिवेनीस,
अ. आ.

आकानेसी सुखरूप पोचली. विमानात तिने पाय सामानात टाकू दिला नाही, मांडीवरच धरून बसली. धावपट्टीवर उतरून तिने आजीचं घर विचारलं, तर चौघेजण तिला दारापर्यंत सोडायला आले.

साचा घेतला तेव्हापासून मांस झडलंय, त्यामुळे पाय सैल होतो. आत दोन मोजे घालावे लागले. आठवडाभर आई अंगणात डुकरांमधून चालायला शिकली. पायाला शिव्या दिल्या, मला दिल्या, आकानेसीला एकही नाही.

काल ती गेली. रिवाजाप्रमाणे कमरेला चटई बांधून, एका हातात काठी, दुसरा नातीच्या खांद्यावर. वाटेत दोनदा थांबली, पण कुणाला हात लावू दिला नाही. ती आत येईपर्यंत प्रार्थनेला बोलावण्याचा ढोल वाजवणारा थांबला नाही. आत आल्यावर तिने मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली.

बाहेर आल्यावर पास्टरांनी विचारलं, इतका छान पाय कुणी दिला? आई म्हणाली, "हिने आणला. माझ्या नातीने." त्यांनी पुन्हा विचारलं, पाठवला कुणी? ती म्हणाली, "पाठवलेला आला नाही."

मी शेजारीच उभी होते. तुझं मागणं मला पाठ होतं. तरी मी तुझं नाव घेतलं नाही.

लोभ आहे, सितिवेनी. तो कुणाबरोबर पाठवणार नाही. न्यायला स्वतः ये.

कालोलाइने