दोन ते तीन माझी पाळी

९ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा काही नाही!

चर्चचं शहाडचं शिबिर संपलं. दोन दिवस नदीकाठच्या त्या हॉलमध्ये सगळे हात वर करून रडत होते, थरथरत होते, काही जण तर आडवेच झाले. आमच्याच प्रार्थना-गटातली रुपाली माझ्या शेजारी होती. तिच्या तोंडून अन्यभाषा, आत्मा उतरला की येते ती कोणालाच न कळणारी बोली, सुरू झाली ती थांबेचना. मग पास्टर विनीत माझ्याकडे आले. डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मला काय जाणवलं? त्यांच्या हाताचा घाम. आणि भूक.

"स्वतःला सोडून दे, नयन," ते म्हणाले. मी सोडलं. काय सोडायचं ते कळलं नाही, पण सोडलं. शेवटी त्यांचा हात अवघडला असेल म्हणून थोडी पुढे झुकले. त्यांना वाटलं, झालं. ते पुढच्या बाईकडे गेले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बाबांना संगमनेरला फोन केला. चर्चच्या शाळेत आयुष्यभर मास्तर, रविवार एक चुकवला नाही. विचारलं, तुम्हाला कधी पवित्र आत्म्याचा अनुभव आला का हो? मग म्हणाले, "चर्चमध्ये गेलं की बरं वाटतं. अजून काय पाहिजे?"

मला अजून पाहिजे. जन्मापासून ख्रिस्ती, पाठ वचनं ढीगभर, आणि आत ठणठणाट. बाकी सगळ्यांना देतोस, मला का नाही? हे लिहितानाही लाज वाटते. पण इथे नाही लिहिणार तर कुठे?

१५ फेब्रुवारी, शनिवार

संगतीची, म्हणजे प्रार्थना-गटाची, सभा आज आमच्याकडे, कोलशेतला. आईंना, म्हणजे सासूबाईंना, आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांची गावदेवी, माझा येशू. लग्नाला सात वर्षं झाली, दोन्ही एका घरात नांदतात. नवरा, संदेश, दोन्हीकडे हात जोडतो आणि क्रिकेट बघतो. आईंना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, म्हणून त्या दारात खुर्ची टाकून सगळं बघत होत्या.

सभा संपल्यावर रुपाली सरळ स्वयंपाकघरात गेली. आईंच्या हातची सुकट आणि भाकरी खाल्ली, पुन्हा मागून खाल्ली. मिठागरात दिवसभर राबून आल्यावर हीच सुकट कशी लागायची, ते आईंनी तिला सांगितलं. मला सात वर्षांत सांगितलं नव्हतं!

सगळे गेल्यावर मला म्हणाल्या, "येवढ्या जोरानं वरडता, तुमचा देव भयरा हाय का गो?"

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

उपासाचा तिसरा दिवस. पास्टर म्हणतात, उपासाशिवाय पवित्र आत्म्याचा अभिषेक नाही. डोकं दुखतंय, बाकी काही नाही. संदेशला सांगितलं डोकं दुखतंय, कामावर लॅबच्या काउंटरवर सगळ्यांना सांगितलं, आईंना दोनदा सांगितलं.

आई म्हणाल्या, "उपास पोटानं करतस का त्वांडानं?"

इतका राग आला! संध्याकाळी माजिवड्याच्या नाक्यावर उभी राहून वडापाव खाल्ला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आणखी एक खाल्ला होता. काल लिहिलं नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

रुपाली स्वयंपाक करता करता कोसळली. डोक्यात रक्तस्राव. मुलगी दुसरीत आहे तिची. आईंना सांगितलं तर हातातलं लसूण तसंच ठेवून बसून राहिल्या. परवा ऑपरेशन.

आणि मी काय करतेय? शिबिरात तिच्यावर जळत होते. हो, जळत होते.

१ मार्च, शनिवार (सकाळी)

रुपालीसाठी साखळी प्रार्थना. उजाडल्यापासून रात्रीपर्यंत प्रत्येकाने आपापल्या घरी एकेक तास गुडघ्यावर बसायचं. एकाचा तास संपला की दुसऱ्याचा सुरू, साखळी तुटता कामा नये. दोन ते तीन माझी पाळी. ऑपरेशन नेमकं त्याच वेळी चालू असणार. हाफ डे टाकला आहे. सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही. आज तरी, प्रभू. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी. (थोडं माझ्यासाठीही.)

त्याच दिवशी, संध्याकाळी

झोपले.

गुडघ्यावर बसले होते. मग कपाळ गादीला टेकवलं. मग कधीतरी गादीवरच आडवी झाले असणार. "प्रभू, रुपालीला" एवढं म्हटल्याचं आठवतं. पुढचं नाही. तीनचा गजर लावला होता, तोही ऐकला नाही. साडेचारला जाग आली. अंगावर आईंची चादर होती. म्हणजे त्यांनी बघितलं. मग उठवलं का नाही? त्यांना माहीत होतं माझी पाळी आहे, घरभर सांगत फिरले होते!

ग्रुपवर विचारलं होतं, नयनताई, तुमचा तास झाला ना? मी जोडलेले हात टाकले. खोटं बोलले. साखळी माझ्याकडे तुटली, आणि ती बाई तिकडे टेबलावर.

५ मार्च, बुधवार

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला. रुपाली अजून शुद्धीवर नाही. डॉक्टर म्हणतात, वाट बघा. माझ्याने प्रार्थना होत नाही. डोळे मिटले की ती चादर आठवते.

घरात दुसरंच. आईंनी चार दिवस मासळीला हात लावलेला नाही. काल संदेशने कोलंबी आणली, त्यांनी वरणभात खाल्ला. विचारलं तर म्हणाल्या, त्वांडाला चव नाय. गुडघेही फार दुखतायत, भिंत धरून चालतात. उपवासकाळ माझा, आणि मासळी सोडली यांनी! डॉक्टरकडे न्यायला हवं.

९ मार्च, रविवार

रुपाली शुद्धीवर आली! आज बोलली. चर्चमध्ये तिच्या नवऱ्याने तिचा व्हिडिओ दाखवला. आवाज बारीक, डोक्याला पट्टी. ती म्हणाली, ऑपरेशनच्या वेळी सगळीकडे अंधार होता, आणि कोणीतरी पायाशी येऊन बसलं. "काही बोलत नव्हतं. नुसतं बसलेलं. मग मला भीती नाही वाटली."

पास्टर विनीत स्टेजवरून म्हणाले, ऑपरेशन दोन ते तीन चाललं होतं, आणि दोन ते तीन कोणाची पाळी होती? सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. बायका मिठ्या मारत होत्या. एका आजीने माझे हात डोळ्यांना लावले. पुढच्या रविवारी मी सगळ्यांसमोर उभी राहून साक्ष द्यायची आहे, त्या तासात देवाने काय केलं ते सांगायचं आहे.

आयुष्यभर जे मागितलं ते असं मिळालं. झोपलेली असताना, दुसऱ्याच्या तोंडून, आणि माझं नाही.

१२ मार्च, बुधवार

पास्टरांना सांगायला गेले. म्हटलं, त्या तासाला मी प्रार्थना केलेलीच नाही. त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. म्हणाले, साक्षीच्या आधी सैतान अशीच शंका घालतो, तू खंबीर राहा. मी "झोपले" हा शब्द बोलूच शकले नाही.

मग पायाशी कोण बसलं होतं? देवाला माझी गरजच नव्हती का? तर मग साखळी कशाला? की भुलीच्या औषधात माणसाला काहीही दिसतं? तसं म्हणावं तर रुपालीचा चेहरा डोळ्यांसमोर येतो. काही कळत नाही. एक पाऊल पुढे टाकलं की दोन मागे.

१४ मार्च, शुक्रवार

साक्ष तीनदा लिहिली, तीनदा फाडली.

१५ मार्च, शनिवार

रुपाली आज स्वतःच्या पायांनी चालली, वॉर्डच्या दारापर्यंत. आईंना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, कोणी धरलेली का? म्हटलं, नाही, एकटी. तर म्हणाल्या, "मंग जा, बोंबील आन."

म्हटलं, आता मासळी चालेल? आई म्हणाल्या, "तू निजलेली. उपाशी पोर, उठवाया जीव झाला नाय. मंग मीच बसली खाली, तुज्या पायाशी. तुज्या देवाचा मना काय येत नाय. त्याला बोलली, त्या पोरीला उठव, ती चालेपरत मी मासली खानार नाय. मंग तुजा गजर वाजला, तो बंद केला ना उठली."

बोंबील आणले. तळत असताना विचारलं, उद्या माझ्याबरोबर चर्चमध्ये येता का?

"खुर्ची आसंल तं येते. त्या दिशी खाली बसली ना, गुडगं आजून दुखतान."