धावपट्टीपलीकडचं घर

१२ डिसेंबर. सकाळी धुकं होतं. ऊन आल्यावर थोडा कापूस वेचला. दुपारी विमानतळाचा अधिकारी येऊन गेला. त्यानंतर काही काम केलं नाही.

बाबा, आपल्या बाजूला आता भिंत झाली आहे. पुरुषभर उंच, वर काटेरी तार. आपल्या फाटकापुरती जागा तेवढी मोकळी आहे, तीही या आठवड्यात बांधून टाकतील. मागे धरणाचं पाणी, पुढे भिंत, मध्ये आपलं घर, विहीर आणि शेत. ज्यांची वहिवाट मान्य झाली त्यांना भिंतीबाहेरून वळशाचा रस्ता मिळणार आहे. आपली मान्य झाली नाही.

तुम्ही सांगायचात की लढाईच्या काळात लष्कराने ही धावपट्टी केली, तेव्हा गाव तिकडे राहिलं आणि घर इकडे. पुढे तुमच्या वेळच्या लष्करी साहेबांनी बैलगाडी पट्टीवरून न्यायची परवानगी दिली, तीही तोंडी, चहा पिता पिता. "गोबर नहीं, कंकड़ नहीं. फिर तुम्हारा रास्ता कोई नहीं रोकेगा." तुम्ही कागद मागितला नाही. ज्याच्याकडे बसून चहा प्यायलो त्याला कागद कसा मागायचा, असं तुमचं म्हणणं.

मला अजून दिसतं ते असं. गाडी पट्टीच्या कडेला उभी आहे. तुम्ही बैलांच्या खुरांना गोणपाटाचे तुकडे बांधता आहात. चाकांची माती खराट्याने झाडून काढता. पहारेकरी हात करतो, मी कासरा धरून पुढे चालते आणि तुम्ही मागून टोपलं घेऊन येता. शेण पडलं की तिथल्या तिथे उचलता, डांबर पुसून घेता. एकदा शाळेत जाताना माझ्या चपलेचा चिखल पट्टीवर पडला. घंटा झाली होती, तरी तुम्ही मला अर्ध्या वाटेतून मागे बोलावलंत. "पूस ते. विमानात माणूस बसला असते, माय." मी फ्रॉकच्या टोकाने पुसलं आणि शाळेपर्यंत रडत गेले.

मग लष्कर गेलं. बराकींची दारं-खिडक्या लोकांनी नेली. गावाने पट्टीवर सोयाबीन वाळत घातलं, पोरं तिथेच मोटरसायकल शिकली. वर्षानुवर्षं एक विमान उतरलं नाही. तुम्ही मात्र टोपलं सोडलं नाही. तुमचे शाळासोबती काका ट्रॅक्टरवरून ओरडायचे, "काहून बे, विमानाले शेणाचा वास सहन होत नाही काय?" तुम्ही न थांबता म्हणायचात, "त्याईनं फाटक उघडं ठेवलं ना? मंग मी बी माह्यं पाळतो." मी तेव्हा कॉलेजात होते. मान खाली घालून भराभर पुढे जायचे.

तुमच्या आजारपणात यवतमाळची नोकरी सोडून मी इकडे आले, थोड्या दिवसांसाठी म्हणून. शेवटच्या आठवड्यात मी तुमचे पाय चेपत असताना तुम्ही डोळे उघडलेत. मला वाटलं माझ्याबद्दल काही बोलाल. तुम्ही म्हणालात, "फाटकाले नवीन कडी लाव." मी लावली. मग गाय होती, शेत होतं, मी राहिले. पट्टी नागरी विमानतळाला मिळाली. जुनं डांबर उखडून नवं झालं, काचेची इमारत उभी राहिली. विमानं अजून सुरू व्हायची आहेत, पण दिवे लागतात. संध्याकाळी अंगणात उभी राहिले की त्या रिकाम्या इमारतीत इकडून तिकडे फिरणारा झाडूवाला दिसतो. त्यालाही मी दिसत असेन.

आजचा अधिकारी तिशीतला होता, बोलायला नीट. काका साक्ष द्यायला काठी टेकत आले होते. आम्ही ओसरीवर बसलो. पट्टी ताब्यात घेताना काढलेले फोटो त्याने दाखवले. इतरांनी जिथून ये-जा केली तिथे चाकोऱ्या पडलेल्या, कडा फुटलेल्या, डांबरावर चिखल वाळलेला. आपल्या फाटकासमोर काही नाही. झाडून ठेवल्यासारखं.

"ताई, एखादी तरी खूण असती तर मी वर लिहिलं असतं. इथून कधी कोणी गेलंय असं दिसतच नाही."

काका एकदम हसले आणि मग त्यांना खोकला लागला. "सायेब, हिचा बाप बैलाच्या मांगं शेण उचलत जाये. खूण राहीन कशी?"

"विमानं बंद झाल्यावरही?"

"हो ना. शब्द देल्ला होता म्हणे."

त्याने फोटो परत पाकिटात घातले. मग म्हणाला, नुसत्या तोंडी साक्षीवर होणार नाही. घर आणि शेत विमानतळाला द्यायचं असेल तर दारव्ह्याजवळ जागा आणि मोबदला मिळेल. नाहीतर भांडावं लागेल, आणि तोवर रस्ता नाही.

काका म्हणाले, "लढ पोरी. मी येतो कोर्टात. म्या त्याले लय हासलो, एवढं तरी करू दे मले."

मी अधिकाऱ्याला म्हणाले, घर-शेत देते.

काकांनी कप खाली ठेवला. "बापाचं काहीच ठेवलं नाही तुनं," असं म्हणून ते उठले. मी हात द्यायला गेले तर घेतला नाही. अधिकाऱ्यानेच त्यांना जीपपर्यंत नेलं.

काकांना वाटलं मी घाबरले. तसं वाटलं तर वाटू दे. तुम्हाला खरं सांगते. या घरातून जा असं मला कोणीतरी म्हणावं, याची मी किती वर्षं वाट बघत होते. ते तुम्ही म्हणायला हवं होतं, तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. तुम्ही फाटकाबद्दल बोललात. आज खूण नाही असं तो म्हणाला तेव्हा मला तुमचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण नंतर. आधी सुटल्यासारखं वाटलं.

हे कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे खाली नाव लिहीत नाही. बाहेर दोरीवर कपडे आहेत. दव पडायच्या आत काढून आणते.