गड्याचे चार सीन

२१ एप्रिल, रवि.
फुलंब्रीहून आबांना घेऊन आलो. विहीर कोरडी, हातपंपाला नुसती हवा. गाडीत म्हणाले, "पाऊस पडला की सोडशील ना माघारी?" म्हटलं, पडू तर द्या. इथं तरी काय, नळ आठव्या दिवशी. शेजारच्या बांधकामाला मात्र पाणी आहे, सातवा मजला चढतोय.
पोरांना कबूल केलं, माझ्या लहानपणचा विनोदी सिनेमा दाखवतो. हीरो बंगल्यातला गडी. पोट दुखेल हसून.

२३ एप्रिल
पाहिला. घोळ. गड्याचे फक्त चार सीन. बाकी दोन तास मालकाची सासू, दोन जावई, हरवलेली अंगठी. मग लहानपणी मी बघितलं काय?
पोरं हसली ती त्या चार सीनलाच. गडी "व्हय मालक, लई झालं" म्हणाला की ओम लोळायचा. आबा मागं खुर्चीत. हसले नाहीत.

२४ एप्रिल
शैला पोहे वाढत होती. आबा: "बास, लई झालं." ओम लगेच गड्याच्या आवाजात: "व्हय मालक!" तनू पाणी पिता पिता ठसकली. शैला हसू दाबत आत.
मी ऐकलं. आबांनीही. दिवसभर मानेनंच बोलले.

२५ एप्रिल
आज चहा घेऊन आबा सुनेला म्हणाले, "पुरे. धन्यवाद." धन्यवाद! या माणसानं जन्मात कुणाला धन्यवाद म्हटलं नाही. धन्यवादाच्या जागी घरी नेऊन जेवू घातलंय.
शैला: "ओम लहान आहे हो. तो सिनेमाच नको आता."
का नको? याच बोलीत मी पुण्याच्या साहेबांकडून ऑर्डरी घेतल्या. दुसऱ्याच्या कारखान्यात वेल्डिंग करण्यापासून वाळूजला स्वतःच्या वर्कशॉपच्या शेडपर्यंत आलो, एक "लई" गाळला नाही. आता माझ्याच घरात माझा बाप शब्द निवडून बोलणार? जमणार नाही.

२६ एप्रिल
शेडवर ग्राइंडर चालू असताना आठवलं. रहीमभाई! पोळ्याला गावात आमच्या गल्लीत भाड्यानं व्हिडिओ आणायचे. गडी दिसला की सगळी गल्ली, "रहीमभाई, पीछे लो!" एकेक सीन सहा-सहादा. सासू आली की पुढं पळवायचे. म्हणून आमच्या सिनेमात गडीच हीरो. आणि आम्ही त्याच्या बोलण्याला हसत नव्हतो. बोलायचेच सगळे तसं.

२८ एप्रिल, रवि.
सगळ्यांना बसवलं. आबांनाही. रिमोट माझ्याकडं. गडी आला, मागं. परत मागं.
तनू: "पप्पा, कितीदा?"
"सहादा."
शैला: "असा सिनेमा बघतात का कुणी?"
"आमच्याकडं असाच बघतात."
चौथ्यांदा ओम पुढं सरकला. "व्हय मालक" म्हणता म्हणता गडी मालकाच्याच ताटातली जिलबी उचलतो, ते आत्ता दिसलं त्याला. "पप्पा, हा येडा नाहीये. मालक येडाय."
मी आबांकडं बघितलं. आबा खिडकीबाहेर क्रेन बघत होते.

३० एप्रिल
सकाळीच आबा पिशवी भरून सोफ्यावर. "फुलंब्रीची बस किती वाजता आहे?" पुस्तकातल्यासारखं.
"विहिरीत पाणी नाही, आबा."
"टँकर येतो."
ओम आला आणि त्या पिशवीवरच बसला. "आबा, तुम्ही जायचं नाही."
आबा म्हणाले, "कामून रं?" पाच दिवसांनी पहिल्यांदा आपल्या बोलीत.
ओम माझ्याकडं बघायला लागला. मी शैलाला खूण केली, थांब. उत्तर त्यालाच देऊ दे.